हॅझेलने न शिकवलेली भाषा

"मला येत नाही ती भाषा," हॅझेल म्हणाली आणि पातेल्यातलं सूप ढवळत राहिली.

बालवाडीची नवी मुख्य बाई लॉर्ना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "कोकुम, असं काय करता? निम्मी पोरं क्री आहेत इथं. त्यांच्या भाषेत त्यांना नुसतं 'ये' म्हणायलाही कुणी नाही."

"टीव्ही लावून द्या."

"टीव्हीला कुणी कोकुम म्हणत नाही."

कोकुम म्हणजे आजी. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या उत्तरेकडच्या त्या गावात सगळेच हॅझेलला तसं म्हणत. बावीस वर्षं ती इथं रांधत होती, पण तिच्या तोंडून क्रीचा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेचा, एक शब्द कुणी ऐकला नव्हता.

सातव्या वर्षी तिला मिशनच्या निवासी शाळेत नेलं तेव्हा तिला दुसरी भाषाच येत नव्हती. क्री बोलली म्हणून एकदा तिची बोटं सुजेपर्यंत पट्टी बसली. पुढच्याच आठवड्यात त्याच शाळेतला धाकटा भाऊ लेनर्ड मुलग्यांच्या बाजूच्या कुंपणातून हळूच म्हणाला, "ताई, भूक लागलीय." क्रीमध्येच म्हणाला. मागे शाळेतली नन उभी होती. काही कळलंच नाही असं दाखवून हॅझेलनं तोंड फिरवलं. त्या हिवाळ्यात लेनर्ड तापानं गेला.

लॉर्नानं पिच्छा सोडला नाही. सोमवारी हॅझेल पोरांच्या गोलात जाऊन बसली. आधी 'अस्तम', ये. मग 'मीचिसो', जेव. ती म्हणायची, पोरं ओरडून म्हणायची. तिसऱ्या आठवड्यात आईचं अंगाईगीत आपोआप ओठांवर आलं.

ते संपलं तेव्हा दारात तिची लेक कॉलीन उभी होती. हॅझेलच्या रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला आली होती. ती तडक स्वयंपाकघरात गेली. हॅझेल मागोमाग आली.

"सेहेचाळीस वर्षांची झाले मी," कॉलीन म्हणाली. "मला एक शब्द शिकवला नाहीस. आणि या लोकांच्या पोरांना गाणी?"

"वाटलं, तुला येतच नसेल तर तुला कुणी मारणार नाही."

"आजी जाताना माझा हात धरून बोलत होती. मी येड्यासारखी मान हलवत होते. तू म्हणालीस, पाणी मागतेय."

हॅझेलनं ओट्याची कड धरली. "पाणी मागत नव्हती."

"मग?"

"म्हणत होती, 'तुझ्याशी खूप बोलायचं होतं गं पोरी. राहून गेलं.'"

कॉलीन खिडकीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. हॅझेलनं हात पुढे केला, पण खांद्यापर्यंत तो पोचला नाही.

"कोकुम, पुढचा शब्द!" आतून पोरं ओरडली.

हॅझेल गेली, सतरंजीवर बसली. मग दाराकडे बघत म्हणाली, "अस्तम, नितानिस."

पोरांनी सवयीनं री ओढली, "नितानिस!"

बऱ्याच वेळानं कॉलीन आली. कोट न काढताच गोलात टेकली. "म्हणजे काय?"

"माझी लेक."

कॉलीनचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. शेजारच्या चार वर्षांच्या ब्रायलीनं तिची बाही ओढली.

"मोठ्यानं म्हण ना, मावशी. चुकलं तरी कोकुम रागवत नाही."