तळ्याकडची वाट

घरात जागेची वाटणी निघाली, की लेकीला आधी चुलीपाशी धाडतात. तोबा तळ्याकाठच्या त्या घरातही तेच झालं. अंगणात मारोलोप दोरी ताणत होता, आणि त्याची थोरली बहीण तिउर्मा त्याच्याच पाहुण्यांसाठी डुकराचं मटण शिजवत होती. आज भावाच्या नव्या घराची पायाभरणी होती.

जागा वडिलांची. तिथल्या बाताक लोकांत जमीन मुलाला जाते, लेकीला नाही. याबद्दल तिउर्मा कधी बोलली नव्हती. विधवा होऊन परत आली, मागच्या जुन्या स्वयंपाकघरात राहिली, होडी घेऊन तळ्यात जाळं टाकत जगली. आता मेदान शहरातून परतलेला भाऊ पाण्याला लागून घर बांधणार होता. मागचा अर्धा भाग त्यानं आपखुशीनं बहिणीला दिला. फक्त मधे भिंत, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत. मागच्या दारी रस्ता होता, पण रस्त्यावर मासे थोडेच पोहतात!

"इतो," सकाळीच तिनं विचारलं होतं. तिथं बहीण भावाला 'इतो' म्हणते, आणि भाऊही बहिणीला 'इतो'च म्हणतो. "इतो, माझी होडी रे?"

"अगं इतो, दाराशी नळ देतो ना तुला. घागरी वाहायचं सुटलं."

"नळाला होडी बांधू का?"

तो हसला. त्याची बायको सोंदांग मात्र हसली नाही. "एदा, आमच्याकडे शहरातले पाहुणे उतरणार. त्यांच्या नाकासमोरून ओली जाळी नेणार का तुम्ही?"

एदा म्हणजे नणंद, आणि एदा म्हणजे भावजयही. गोड शब्द, पण तिउर्माला काट्यासारखा टोचला. भावाच्या कार्यात रांधायचं, वाढायचं, हसतमुख राहायचं, हा लेकीचा धर्म. जी भिंत तिला कोंडणार, तिच्या पायाचा स्वयंपाक तिच्याच हातचा. नाही म्हणावं तर लेक कसली? हो म्हणावं तर जगायचं कशावर? पळीबरोबर ओठांतल्या ओठांत ओळ फिरत राहिली,

तळ्याच्या काठी गं, लेक लाडाची वाढली
भावाच्या दोरीनं, पाण्याला पारखी झाली

दुपारी बोनार मामा आले. आईचा भाऊ म्हणजे बाताकांच्या घरातला चालताबोलता देव. त्यांनी ताटात एका रांगेत मासे मांडून आणायचे आणि म्हणायचं, 'या माशांसारखे एका दिशेनं, एका पाण्यात पोहत राहा.' त्या आशीर्वादाशिवाय पायाचा दगड हलत नाही.

मामांनी ताट मारोलोपपुढे ठेवलं, वरचं फडकं उचललं.

ताट रिकामं होतं.

मंडळी चुळबुळली. मामानं रिकाम्या ताटानं यावं, याहून मोठी नामुष्की नाही.

"मामा, मासे?" मारोलोपचा आवाज उतरला.

"मासे नेहमी तिउर्माच्या जाळ्यातून घेतो मी. पहाटे आलो, तर होडी तुझ्या विटांच्या थप्पीमागे अडकलेली."

"बाजारात मिळाले असते की."

"मिळाले असते. पण एका पाण्यात पोहा असं कोणत्या तोंडानं म्हणू? एकाला तळं आणि एकीला तोटी!"

"मी अन्याय केलाय का, मामा? रीतीनं तिला काहीच मिळत नाही. मी निम्मी जागा दिली."

"दिलीस. ऊठ. तिच्या चुलीपाशी जाऊन बस."

मामांचा शब्द मोडता येईना. मारोलोप आत गेला. तिउर्मानं पाट सरकवला. तो बसला आणि दाराबाहेर पाहिलं. समोर विटा. त्यांच्यावर आभाळाची चिंधी. तळं नाहीच.

"आई इथूनच बाबांची होडी बघायची," तिउर्मा हळूच म्हणाली. सकाळनंतर ती तेवढंच बोलली.

मारोलोप बराच वेळ उठला नाही. अर्धी घटका बसलो तर जीव असा घुसमटला, आणि मी हिला जन्मभर बसवायला निघालो होतो!

मामा दारात टेकले. "बाबांनो, भाऊ-बहिणीला आपल्या लोकांनी एकच शब्द दिला. नणंद-भावजयीलाही एकच. शब्दाचे तुकडे केले नाहीत आपल्या पूर्वजांनी. जमिनीचे करा, पण माणूस कोंडेल असे नकोत."

मारोलोपनं बाहेर येऊन खुंटी उपटली. कुंपणालगत, खांद्यावर जाळं घेतलेली दोन माणसं शेजारून जातील एवढी पट्टी सोडून दोरी पुन्हा ताणली. सोंदांग पुटपुटली, "दिवाणखाना लहान होईल." मग चुलीकडे तिनं एकदा पाहिलं, बाह्या सारल्या आणि विटा हलवायला स्वतःच गेली.

पायाचा दगड त्या दिवशी बसला नाही. दुसऱ्या दिवशी, तिउर्मा मासे घेऊन परतल्यावर, मामांच्या भरल्या ताटासमोर बसला.

बंधूंनो, भगिनींनो, जमीन वाटावी, घरंही खुशाल वेगळी बांधावीत. रीत आपल्या बाजूला असेल, कायदाही असेल. पण भिंत चढवण्याआधी ज्याच्या हाती दोरी आहे, त्यानं एकदा पलीकडे जाऊन बसावं. तिथून जे दिसेनासं होतं, ते आपण दिलेल्या वाट्यात कधीच धरलेलं नसतं.