पाणमांजराची तेरा वर्षं

नव्या मालकांनी फेब्रुवारीत फर्मान काढलं: कार्यालयातल्या प्रत्येकाने आपली कारकीर्द एका पानात लिहून द्यायची. पानं फोटोसकट संघाच्या वेबसाइटवर जातील. तीन उपाध्यक्षांपैकी दोघंच राहणार आणि ते या पानांवरून ठरणार, हे फर्मानात नव्हतं. पण केस्लरव्हिल ऑटर्स या बेसबॉल संघाच्या कार्यालयात माणसं नऊ आणि भिंती पुठ्ठ्याच्या. दुपारपर्यंत ते सगळ्यांना कळलं होतं.

वेंडेल ह्रुस्का त्या तिघांतला एक. वय त्रेपन्न. शाळा, दवाखाने, म्हाताऱ्यांच्या सहली, म्हणजे गावाशी जे काही नातं असेल ते त्याच्याकडे. त्याने पेन्सिलीने लिहिलं: दोन वर्षं मैदानाचं गवत कापलं. तेरा वर्षं दारावर तिकिटं फाडली. मग गावसंपर्क संचालक, मग उपाध्यक्ष. चार ओळींत सत्तावीस वर्षं संपली.

छोट्या लीगच्या धंद्यात माणूस असाच खालून वर येतो. लोरेटा स्झाबो आज हिशेब-कारभाराची उपाध्यक्ष आहे, ती सॉसेज भाजायला लागली होती. आधीचा मोठा साहेब डच फायफर बसगाड्या धुवायचा. पाऊस आला की ताडपत्री ओढायला सगळे धावत, डच सर्वांत पुढे. आणि नवा अध्यक्ष ट्रेंट ऑलकॉट? त्याचं पान आधीच वेबसाइटवर झळकलं होतं. पाच वर्षं साबणाची कंपनी, चार वर्षं व्यायामशाळांची साखळी, सहा वर्षं पार्किंगच्या जागा. साबणवाल्यांनी काढला, व्यायामशाळा बुडाल्या, पण पानावर दोन्हीकडे ‘यशस्वी नेतृत्व’ लिहिलं होतं. अशा माणसाला बॅटचं कुठलं टोक धरतात तेही विचारायची कुणाची टाप नव्हती.

त्याने वेंडेलला बोलावलं.

“तेरा वर्षं दारात उभा होतास, आणि चौदाव्या वर्षी एकदम संचालक? मध्ये काही आहे की नुसतंच नशीब?”

“मध्ये काही नाही.”

“मग माझी अडचण समजून घे. बाकी दोघांचा आलेख चढतो. तुझा तेरा वर्षं झोपलाय.”

“झोपलाय खरा,” वेंडेल म्हणाला, आणि आपलं पान घेऊन परत आला.

लोरेटाने दारातून त्याचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता ट्रेंटच्या खोलीत गेली. दहा मिनिटांनी वेंडेलच्या टेबलावर येऊन टेकली.

“सांगितलं मी त्याला.”

“काय सांगितलंस?”

“तेरा वर्षं पाणमांजराचं डोकं घालून कोण नाचत होतं ते. तुझी घामाने कुजलेली शेपटी मी शिवलीय, वेंडेल, मला हक्क आहे. रागव हवं तर. नोकरीही राहील आणि रागही राहील.”

वेंडेल रागावला नाही. त्याने आधी समोरच्या टेबलाकडे पाहिलं. तिकीट विभागाची डेला ड्रॉबनी बँकेत गेली होती. मग तो खुर्चीत मागे टेकला.

ऑटर म्हणजे पाणमांजर, आणि पाणमांजर गस म्हणजे सामन्यांत प्रेक्षकांपुढे नाचणारं संघाचं सोंग. साडेसहा फुटी, तपकिरी, पोट पांढरं. गावातल्या प्रत्येक पोराचा त्याच्यासोबत एक तरी फोटो आहे. आतल्या माणसाला डचने पहिल्याच दिवशी बजावलं होतं: “आत गेलास की बोलायचं नाही. लोकांसमोर डोकं काढायचं नाही. आणि आत तू होतास हे मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. पोरं कानात काहीबाही सांगतील. मान हलवायची नाही. खांद्यावर पंजा ठेवायचा, मनात दहा मोजायचे, मग सोडायचा.” वेंडेलला तेव्हा हसू आलं होतं.

मग गावातल्या फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, अपघात झाला. वितळलेल्या लोखंडाचा हंडा उलटला, पाच माणसं गेली. पुढच्या मे महिन्यापासून दर वर्षी एक रविवार त्यांच्या नावाचा. पाचही घरं मैदानात रांगेने उभी राहतात, गाव उभं राहून टाळ्या वाजवतं. पहिल्या वर्षी त्या पाचांतल्या फ्रँक ड्रॉबनीची बायको आणि आठ वर्षांची मुलगी शेवटी उभ्या होत्या. टाळ्या चालू असताना मुलीने गसच्या गळ्यात हात टाकले, कानाच्या शिवणीला तोंड लावलं आणि म्हणाली, “बाबा मेला तेव्हा मला बरं वाटलं. आता आईला कुणी मारत नाही. कुणाला सांगू नकोस.”

दहा मोजता मोजता वेंडेलचा घाम डोळ्यांत उतरला. फ्रँकच्या शवपेटीला त्याने स्वतः खांदा दिला होता. बाहेर टाळ्या थांबत नव्हत्या.

पुढे दर वर्षी ती यायची, शिवणीशी बोलायची. ती मुलगी म्हणजे डेला. तिला सहा वर्षांपूर्वी नोकरीला घेतलं तेही वेंडेलनेच, आणि तिला अजून पत्ता नाही. लोरेटाला शेपटीचं माहीत होतं, शिवणीचं नाही.

ट्रेंट दुसऱ्या दिवशी खुशीत होता. खांद्यावर हात टाकूनच आत घेऊन गेला.

“अरे माणसा, हे आधी नाही का सांगायचं? पाणमांजर ते उपाध्यक्ष! तुझं पान सगळ्यांत वर, माझ्याही वर. फोटोत डोकं काखेत धर. पोरं काय काय सांगायची त्याचेही दोनचार किस्से टाक, लोकांना रडायला आवडतं. तुझी जागा पक्की धर. शुक्रवारी पान दे.”

वेंडेल दोन दिवस त्या पानासमोर बसला. बायकोचे गुडघे बदलायचे होते, विमा नोकरीसोबत होता. त्रेपन्नाव्या वर्षी पाणमांजराला कोण घेतो? त्याने एकदा लिहिलंही, ‘तेरा वर्षं गस’. अक्षर चांगलं आलं होतं. डेलाचं नाव न घेता लिहिता आलं असतं. पण डेलाला वाचता येत होतं.

गुरुवारी डेलाच कॉफी घेऊन आली.

“मिस्टर एच, फाउंड्रीच्या रविवारी आईला यंदा उभं राहवणार नाही. मी एकटीच असेन. गसला माझ्या शेजारी उभं कराल? दुसरं कुणी नको.”

“करतो की. त्यात काय.”

“हसाल तुम्ही. लहानपणी मी त्याच्याशी बोलायचे. तसं पुन्हा कुणाशीच बोलले नाही, आईशीसुद्धा नाही.” तिने कपाचं झाकण नखाने उचकटलं, पुन्हा बसवलं. “आत कुणीतरी असणार, आता कळतं. तरी कोण ते मला कधीच कळायला नको. कळलं ना, तर मी या गावात राहू शकणार नाही.”

“नाही कळणार,” वेंडेल म्हणाला. “तुझी कॉफी गार होतेय.”

शुक्रवारी त्याने पान दिलं. तेरा वर्षं तिकिटं फाडली.

ट्रेंटने ते दोनदा वाचलं. “डोकं फिरलंय का तुझं? मी तुला जागा देतोय.”

“कळतंय मला.”

“आणि मीच छापलं तर? लोरेटाने सांगितलंय.”

“छाप. मी म्हणेन खोटं आहे.”

ट्रेंटने लोरेटाला हाक मारली. ती दारात उभी राहिली, वेंडेलकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. कारण तिला माहीत नव्हतं, पण कारण आहे एवढं कळलं.

“मी काय सांगितलं?” ती म्हणाली. “साठीची बाई मी. कालचं जेवण आठवत नाही मला.”

“तुम्ही दोघं मला वेडा समजता का?”

“वेडा नाही रे,” लोरेटा म्हणाली. “नवीन आहेस.”

तासाभरात वेंडेलच्या हातात पत्र पडलं. सत्तावीस वर्षांचं सामान एका खोक्यात मावलं. ज्याने कधी ताडपत्रीला हात लावला नाही त्याने, ज्याने ती सत्तावीस वर्षं ओढली त्याला, ‘पुरेसा अनुभव नाही’ असं लेखी दिलं. पत्राखाली सही फार सुबक होती. बायकोने पत्र वाचलं आणि विचारलं, “का?” तो म्हणाला, “कुणाला तरी शब्द दिला होता.” ती चार दिवस बोलली नाही. तिचं चुकलं नव्हतं.

मेमध्ये वेंडेलने तिकीट काढलं आणि तिसऱ्या बेसमागच्या बाकांवर, उन्हात, जाऊन बसला. पाच नावं वाचली गेली. गाव उभं राहिलं. रांगेच्या शेवटी डेला एकटी होती आणि शेजारी गस. नोकरीवरून जाण्याआधी वेंडेलने सोंगातल्या नव्या माणसाला डचने सांगितलेलं तेवढंच शिकवलं होतं. बाकी नाच तो आपला आपण शिकेल.

टाळ्या चालू असताना डेला वळली आणि पांढऱ्या पोटाला टेकून गसच्या कानाशी काहीतरी बोलली. बरंच बोलली.

पंजा तिच्या खांद्यावर आला. मान हलली नाही. वेंडेल टाळ्या वाजवायचा थांबला आणि मनात मोजू लागला. सात. आठ. नऊ.

दहाला पंजा सुटला.