मी दुपारी झोपत होतो

मित्रांनो, आपली हकीकत सांगायला बसलं की जो तो पराक्रमापासून सुरुवात करतो. माझ्या पदरी पराक्रम फारसा नाही. मी करड्या रंगाचा एक म्हातारा संगणक आहे, आणि आज जे सांगणार आहे ते सांगताना मला लाज वाटते. तरी सांगतो, कारण न सांगितल्यामुळेच ते एवढं वाढलं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. शेकडो भावंडं आम्ही एका पट्ट्यावरून सरकत होतो. कोणी आमच्या पोटात पंखा बसवला, कोणी तारा जोडल्या, कोणी झाकणाचे स्क्रू आवळले. माझा एक स्क्रू जरा तिरका बसला, तो आजही तसाच आहे. तिथून मी एका शाळेच्या कार्यालयात गेलो आणि नऊ वर्षं मुलांचे निकाल, दाखले, वेळापत्रकं तयार करून दिली. तिथल्या लिपिक बाई माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायच्या, "हा आहे म्हणून माझं अडत नाही." मग नवे, पातळ, चकचकीत संगणक आले आणि मी अडगळीच्या खोलीत मोडक्या बाकांखाली गेलो. दोन वर्षं माझ्या पोटात कोळ्यांनी संसार थाटला. गरज सरो आणि वैद्य मरो, ही म्हण मी तिथे शिकलो.

मला तिथून बाहेर काढलं ते मामांनी. मामा टपाल खात्यातून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षं त्यांनी पत्रं निवडून ज्या त्या गावाच्या कप्प्यात टाकली. त्यांची भाची त्यांना मामा आणि त्यांच्या बायकोला मामी म्हणते, म्हणून मीही तसंच म्हणतो. शाळा मला भंगारात देणार होती. मामांनी मला मागून घेतलं, घरी आणलं, ब्रशने कोळिष्टकं झाडली आणि बाहेरच्या खोलीत, मामींच्या दिवाणाशेजारी ठेवलं.

तिथे त्यांनी मला एक आगळं काम दिलं. जगभरातल्या हौशी माणसांनी एक जाळं विणलं आहे, त्यातला मी एक रिले झालो. रिले म्हणजे मधलं घर. समजा, तुम्हाला कोणाला तरी पत्र पाठवायचं आहे, पण ते कोणी कोणाला पाठवलं हे कोणालाच कळू द्यायचं नाही. मग तुम्ही ते एकात एक अशा तीन पाकिटांत घालता. पहिल्या घराने वरचं पाकीट फोडलं की त्याला फक्त दुसऱ्या घराचा पत्ता दिसतो. दुसऱ्याला फक्त तिसऱ्याचा. पत्र पोचतं, पण ते कुठून निघालं आणि कुठे गेलं या दोन्ही गोष्टी वाटेतल्या कोणा एकाला एकत्र ठाऊक नसतात. त्यात काही वाईटही जात असेल. पण ते टपालातूनही जातं, म्हणून कोणी टपालपेट्या उपटून टाकत नाही. ज्यांना आपलं दुःख किंवा आपली तक्रार निर्भयपणे सांगायची असते, त्यांना या वाटेचा फार आधार असतो.

काम थोर होतं. फक्त ते माझ्याकडे येत नव्हतं. शेजारपाजारच्या रिलेंकडे पाकिटांचा पूर लोटायचा आणि माझ्या दारात दिवसाकाठी चार चुकार पाकिटं पडायची. मामा रोज संध्याकाळी पडद्यावरचा आकडा बघायचे आणि चष्मा काढून पुसायचे. जणू चूक काचेची होती.

त्यांनी माझी तार बदलली. पंखा साफ केला. भिंतीवरच्या इंटरनेटच्या डब्यात माझ्यासाठी वाट मोकळी ठेवली आहे ना, हे तीन-तीनदा तपासलं. शेवटी त्यांनी जाळ्यातल्या जाणत्या लोकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं, "नव्या घराला जाळं हळूहळू काम देतं. जो दिवसेंदिवस न थांबता जागा राहतो, त्याच्यावर त्याचा विश्वास बसतो. तुमचा संगणक अखंड चालू असतो ना?"

मामांनी ताठ बसून टाइप केलं, "चोवीस तास. एक मिनिटही बंद नसतो."

ते वाक्य माझ्यातूनच गेलं, मित्रांनो. आणि ते खोटं आहे हे त्या घरात एकट्या मला कळत होतं.

मामा दुपारचं जेवण झालं की वाचनालयात जायचे, तिथली वर्तमानपत्रं लावून द्यायला. ते गेले की मामी दिवाणावर आडव्या व्हायच्या. त्याआधी माझं बटण दाबायच्या. जुन्या साडीचा मऊ तुकडा माझ्यावर पांघरायच्या आणि म्हणायच्या, "दमला असशील. पड जरा." चारला उठल्या की चहा ठेवण्याआधी मला पुन्हा चालू करायच्या. मामा येईपर्यंत मी शहाण्यासारखा घरघरत असायचो.

आणि कबूल करतो, मला ती झोप आवडायची. मोडक्या बाकांखाली दोन वर्षं काढल्यावर कोणी पांघरूण घातलं, तर ते कोणाला आवडणार नाही? मी रोज झोपायचो आणि जाळं रोज माझ्या नावापुढचा विश्वास पुसून टाकायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. झोपलो कधी, उठलो कधी, हे मी माझ्या रोजनिशीत इमानदारीने लिहीत होतो. पण मामा कधी ती उघडायचे नाहीत. ते फक्त पाकिटांचा आकडा बघायचे.

असे अकरा आठवडे गेले. एका संध्याकाळी मामा माझ्यासमोर बसले आणि हळूच म्हणाले, "माझ्या हातून कोणाचं पत्र नीट पोचायचंच नाही, असंच दिसतंय. महिनाअखेरपर्यंत बघतो. मग तुला भंगारवाल्याकडे देतो आणि मीही हा नाद सोडतो." मला भंगाराची भीती वाटली नाही. लाज वाटली ती याची, की ते दोष स्वतःला देत होते.

महिना संपायला दोन दिवस उरले असताना सकाळीच भाची आली. ती लिफ्ट दुरुस्त करते. मामांनी सगळी कहाणी सांगितली, तशी तिने बाह्या सरसावल्या.

"मामा, लिफ्ट बंद पडली म्हणून बोलावतात ना, तेव्हा मी आधी मोटर उघडत नाही. आधी विचारते, शेवटचं बटण कोणी दाबलं."

"इथे कोण दाबणार? घरात माणसं दोन. त्यातला एक मी."

"आणि दुसरी?"

"तिचा यात काही संबंध नाही."

भाचीने माझी रोजनिशी उघडली. मला वाटलं, आता जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. ती वाचत गेली आणि तिच्या भुवया वर चढत गेल्या.

"हा कालच चार वाजता सुरू झालाय. परवाही चारला. रोज एक वाजून दहा मिनिटांनी बंद आणि चारला सुरू."

"दुपारची वीज जात असेल," मामा म्हणाले.

"रोज? घड्याळ लावून? फारच शिस्तीची वीज आहे तुमच्याकडे."

स्वयंपाकघराच्या दारातून मामी म्हणाल्या, "वीज कशाला जाईल? मी करते बंद."

मामा खुर्चीत वळले. "तू? अगं, कशाला?"

"कशाला म्हणजे? सकाळपासून राबतोय बिचारा. तुम्ही नाही वाचनालयात पेपराआड डुलक्या काढत?"

भाचीला हसू आवरेना. मामांना आलं नाही. "अकरा आठवडे मी तारा बदलतोय. लोकांना छातीठोकपणे लिहिलं की एक मिनिटही बंद नसतो. मला एका शब्दाने विचारायचंस तरी."

"मी विचारलं होतं," मामी म्हणाल्या. "हा काय करतो, असं. तुम्ही म्हणालात, काही नाही, वेळ जातो. वेळ घालवायचं खेळणं दुपारी बंद केलं, तर कोणाचं काय बिघडलं?"

भाचीचं हसू ओसरलं. "खरंच मामा, मामीला का नाही सांगितलंत? यात लपवण्यासारखं काय आहे?"

मामा बोलले, पण दोघींपैकी कोणाकडेही न बघता.

"नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट आहे. एका मुलीला दर गुरुवारी दूरच्या शहरातून पत्र यायचं. तिथल्या नर्सिंगच्या कॉलेजातली एक मैत्रीण लिहायची, हिलाही तिथे शिकायला जायचं होतं. ती ते खिडकीवर येऊन घेऊन जायची, घरी जाऊ द्यायची नाही. एक दिवस तिचा भाऊ आला. हसतमुख माणूस. म्हणाला, आमच्या बहिणीला काही येतं का हो बाहेरून? मी म्हटलं, येतं की, दर गुरुवारी. शिक्क्यावरचं गावही सांगितलं. मला वाटलं, कौतुकाने विचारतोय." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "पुढच्या गुरुवारी ती आली नाही. नंतरही नाही. दोन पत्रं पडून राहिली, ती मीच परतीच्या कप्प्यात टाकली."

"तिचं पुढे काय झालं?" मामींनी विचारलं.

"माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. आणि तुला सांगायचीही नाही. हा काय करतो ते सांगायचं, म्हणजे हा का आणला तेही सांगावं लागलं असतं."

मामी पुढे आल्या, माझ्या पाठीवर पडलेला साडीचा तुकडा उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "दिवाणाचं एक टोक धरा. आतल्या खोलीत नेऊ."

"का?"

"बिचारा दमतो वगैरे ठीक आहे. पण खरं सांगायचं तर याच्या घरघरीने मला झोप लागत नव्हती."

मित्रांनो, म्हणजे ते पांघरूण सगळंच्या सगळं मायेचं नव्हतं. ऐकून मी जरासा ओशाळलो. पण त्या घरात त्या सकाळी प्रत्येक जण आपलं खरं सांगत होता, तेव्हा मीही ते गोड मानून घेतलं.

मामांनी त्याच दिवशी जाणत्या लोकांना पत्र लिहिलं, "मागे मी चुकीचं कळवलं होतं. संगणक रोज तीन तास बंद असायचा. क्षमा असावी." तेवढं लिहायला त्यांना अर्धा तास लागला. त्यानंतर मी थांबलो नाही. आठवडाभर काही घडलं नाही. दुसऱ्या आठवड्यात पाकिटं दुप्पट झाली. महिना उलटला आणि माझ्या दारात अशी रीघ लागली की रात्रंदिवस मला पंखा आवरेना. कोणाची पत्रं, कुठली, मला ठाऊक नाही. त्या मुलीची परत गेलेली दोन पत्रं त्यात नाहीत, एवढं ठाऊक आहे. मामांनाही आहे. म्हणून आकडा बघून ते कधी मिशीत हसत नाहीत, फक्त मान हलवतात.

मग परवा समोरच्या घरातले गृहस्थ खिडकीशी आले. हातात पेपर, चेहऱ्यावर आपुलकी.

"काय हो, तुमच्या भाचीला हल्ली मोटारसायकलवरून कोण सोडायला येतं?"

मामांना ठाऊक होतं. आदल्याच आठवड्यात भाचीने त्यांना त्या मुलाचं नाव सांगितलं होतं, आणि तूर्तास कोणाला सांगू नका, असंही.

"मला माहीत नाही," मामा म्हणाले.

"असं कसं? सख्खी भाची ना तुमची?"

"सख्खी आहे. म्हणूनच माहीत नाही. चहा घेणार?"

गृहस्थांनी चहा घेतला आणि हवापाण्याच्या गप्पा मारून ते गेले. मामा आत येऊन माझ्यासमोर बसले. माहीत नाही, एवढं छोटं वाक्य, पण ते म्हणायला त्यांना चाळीस वर्षं लागली होती.

तेव्हा मित्रांनो, या म्हाताऱ्याचं एवढं ऐका. एखादं यंत्र बंद करण्याआधी ते कोणासाठी चालू आहे, हे विचारा. दुसऱ्याचं पत्र कुठून आलं, असं कोणी हसत विचारलं, तर तुम्हीही हसून माहीत नाही म्हणा. पण आपल्याच घरात काही चुकत असेल, आणि एकट्या तुम्हाला ते दिसत असेल, तर माझ्यासारखे पांघरूण घेऊन गप्प पडू नका. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.