वर्गातली मावशी

"ही माही मम्मी नाई," आकांक्षाने कमरेवर हात ठेवून सगळ्या वर्गाला बजावलं. "शाळेत ही शालू मावशी हाय. तुमीबी मावशीच मना."

बावीस मुलं शालूकडे बघत राहिली. दाराशी पडलेल्या चपला ती जोडीने लावत होती. हातातली चप्पल तशीच धरून ती उभी राहिली. साडेतीन वर्षांच्या आपल्या मुलीला एका दमात इतकं बोलताना तिने कधी ऐकलंच नव्हतं. घरी पाहुणे आले की ही पोरगी आजीच्या लुगड्यामागे जायची आणि ते जाईपर्यंत बाहेर यायची नाही.

नियम तसा बालवाडीच्या नीलमताईंचा होता. दहाच मिनिटांपूर्वी त्यांनी शालूला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "शालूताई, एक लक्षात ठेवा. इथं तुम्ही एकट्या आकांक्षाच्या नाही. तिला जवळ घेतलं की बाकीच्यांना घर आठवते, मग सगळे रडतात. सगळ्यांच्याच मावशी व्हा. जमेल ना?"

"जमते जी," शालू म्हणाली होती. अडचण झालीच तर आकांक्षाची होईल, असं तिला वाटलं होतं. मग नीलमताईंनी आकांक्षालाही तेच समजावलं होतं.

बालवाडी बडनेरा रोडच्या मागच्या कॉलनीत होती. दोन खोल्या, पुढे पत्र्याचा व्हरांडा, अंगणात एक घसरगुंडी. नीलमताई शिकवायच्या आणि बाकीचं सगळं गोदाबाई करायच्या. मुलांची नाकं पुसणं, डबे उघडून देणं, शी-शू, रडणाऱ्याला कडेवर घेऊन अंगणात फिरवणं. बावीस वर्षं त्यांनी ते केलं. जानेवारीत त्या न्हाणीत घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. तेव्हा नीलमताईंनी पालकांची सभा घेतली. मुलांच्या आयांनी आठवड्यातून एकेक दिवस यावं, गोदाबाईंचा हात बरा होईपर्यंत. पाच जणींनी हात वर केले. शालूचा हात सगळ्यात शेवटी आणि खांद्यापर्यंतच वर गेला.

बार्शीटाकळीला बारावी झाली आणि तिचं लग्न झालं. नवरा ललित नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात होता, कधी पहिली पाळी, कधी दुसरी. अमरावतीत येऊन सहा वर्षं झाली, पण किराणा, दवाखाना आणि भाजीबाजार सोडला तर शालू एकटी कुठे गेली नव्हती. चार माणसांत बोलायची वेळ आली की तिच्या तोंडाला कोरड पडायची. आकांक्षा आपल्यावर गेली, असं सगळे म्हणत. तिलाही तसंच वाटे. म्हणूनच तिला बघायचं होतं, ही मुकी पोरगी तीन तास तिथे काढते कशी.

"लोकाइच्या लेकराइचे शेंबूड पुसाले चालली का तू?" सासूबाईंनी विचारलं होतं.

"गुरुवारचाच दिवस हाय, आई. आपलीबी तिथंच असते ना."

"मंग जाय बापा. पण मांगून मनू नको का कंबर दुखते."

पहिल्याच गुरुवारी शालूला कळलं, की आपली पोरगी मुकी नाही. आकांक्षा सगळ्यांच्या आधी गोलात बसायची. गाणं चुकलं की नीलमताईंना थांबवायची. मातीचे गोळे वाटायची, आणि एखाद्याने दोन घेतले तर एक काढून घ्यायची. शालूजवळ ती दोनदाच आली. एकदा डब्याचं झाकण निघत नव्हतं म्हणून, आणि एकदा, "मावशी, नितेशच्या नाकातून आलं," हे सांगायला. मावशी म्हणताना ती जराही अडखळली नाही.

दीड वाजता फाटकाबाहेर पडल्यावर मात्र तिने शालूचं बोट धरलं. "मम्मी, मले उचलून घे. पाय दुखून राह्यले."

शालूने तिला कडेवर घेतलं आणि कोपऱ्यापर्यंत चालत गेली. आपल्याला हसू येतंय की रडू, ते तिला कळेना.

फेब्रुवारी संपेपर्यंत बाकीच्या चौघी गळाल्या. एकीच्या दिराचं लग्न निघालं, एकीचं डोकं दुखायला लागलं, दोघींनी काही कळवलंच नाही. शालूचा गुरुवार सोमवारपासून शनिवारपर्यंत पसरला. सकाळी लवकर उठून ती भाकरी-भाजी उरकायची, सासूबाईंच्या गोळ्या वाटीत काढून ठेवायची आणि आकांक्षाला घेऊन निघायची. आता तिला सगळं पाठ झालं होतं. कोणाला पोळीच्या कडा चालत नाहीत, कोण बटणं चावतो, कोणाला शू लागली की तो एका पायावर नाचतो. आणि ती बोलायलाही लागली होती. एकदा नीलमताई ऑफिसात अडकल्या, तेव्हा तिने मुलांना माहेरच्या म्हशीची गोष्ट सांगितली. ती म्हैस तळ्यात बसली ती उठेचना. "मंग माहे बाबा मने, अवो बाई, निंघ ना आता! म्हैस मने, हूं." मुलं लोळून लोळून हसली. दारात उभ्या राहून नीलमताईही हसत होत्या, ते तिला नंतर दिसलं.

पौर्णिमा नावाची एक मुलगी होती, सगळ्यांत लहान. तिला सगळे पुनी म्हणत. तिची आई अकोल्याला दवाखान्यात नर्स होती, शनिवारी रात्री यायची आणि सोमवारी पहाटे जायची. आजोबा, डोमाजी, तिला सायकलवर पुढे बसवून आणायचे. पुनी रडायची नाही, बोलायची नाही. तिची चड्डी ओली व्हायची, आणि ते कोणाला कळू नये म्हणून ती भिंतीला पाठ लावून उभी राहायची. शालूने ते हेरलं. पुनी भिंतीला टेकली की ती काही न बोलता तिला उचलायची, व्हरांड्याच्या कोपऱ्यात आडोशाला न्यायची आणि कपडे बदलून परत आणून सोडायची. कोणाला पत्ता लागायचा नाही. हळूहळू पुनी भिंतीकडे न जाता थेट शालूकडे यायला लागली. येऊन नुसती मांडीवर बसायची.

आकांक्षा ते बघायची.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ऊन तापायला लागलं होतं. मधल्या सुटीत नीलमताई अंगणात होत्या आणि शालू व्हरांड्यात पुनीचे कपडे बदलत होती. फ्रॉक डोक्यावरून घालायचा बाकी होता. तेवढ्यात घसरगुंडीकडून धपकन आवाज आला.

आकांक्षा पायऱ्यांवरून खाली पडली होती. ती उठली. हनुवटी फुटली होती आणि रक्त गळ्यावरून युनिफॉर्मवर उतरत होतं. तिने मान वर केली. समोर आठ-दहा पावलांवर शालू होती. दोघींची नजरानजर झाली.

शालू अर्धी उठली. पुनीच्या अंगावर काही नव्हतं, आणि तिने दोन्ही हातांनी शालूच्या गळ्याला मिठी मारली होती. शालू वाट बघत राहिली. आता ही ओरडेल, मम्मी म्हणून धावत येईल. आली की दोघींना एकदमच घेऊ.

आकांक्षाने ओठ घट्ट मिटले. वळली, आणि चालत, न धावता, नीलमताईंकडे गेली.

"ताई, मले लागलं," ती म्हणाली.

शालूने पुनीच्या डोक्यावरून फ्रॉक घातला. एक हात बाहीत, मग दुसरा. मागची तीन बटणं लावली. मधलं बटण दोनदा सुटलं. पुनीला सतरंजीवर बसवून मग ती धावली.

टाके घालावे लागणार होते. नीलमताईंनी शेजारच्या बाईंना वर्गावर बसवलं आणि स्कूटी काढली. मागे शालू, मध्ये आकांक्षा, हनुवटीवर रुमाल दाबलेला. दवाखान्यात डॉक्टरांनी दोन टाके घातले. आकांक्षाने शालूचा अंगठा मुठीत पकडला होता, नखं रुतत होती, पण तोंडातून आवाज नाही. डॉक्टर म्हणाले, "बहादूर आहे हो मुलगी."

बाहेरच्या बाकावर बसल्यावर आकांक्षाने हलक्या आवाजात विचारलं, "मावशी, शाळा सुटली का?"

शालूला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि तिने तिला जवळ ओढलं.

"सुटली वो माय. सुटली शाळा."

"मम्मी," आकांक्षा म्हणाली, आणि शालूच्या कुशीत तोंड खुपसून इतक्या मोठ्याने रडली, की आतून नर्स बघायला आली.

त्या संध्याकाळी ललित पाळीवरून आला, हनुवटीवरची पट्टी बघून दारातच थांबला. शालूने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"आपली पोट्टी रक्तानं भरली होती, अन् तू दुसरीचे बटनं लावून राह्यली होती?" तो रागावला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

"थे नंगी होती हो. सगळे पोट्टे तिच्याकडे पाहून राह्यले असते. तिले थेच नको असते."

ललितने आकांक्षाला मांडीवर घेतलं. "तू मम्मीकडं काहून नाई गेली, बाबू?"

"मावशीजवळ पुनी होती," आकांक्षा म्हणाली. हे एवढं कसं कळत नाही, असा तिचा सूर होता. "पुनीची मम्मी अकोल्याले असते. माही तर घरी येते."

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "माय वो," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नीलमताईच म्हणाल्या, "शालूताई, माझं चुकलं. इतक्या लहान मुलीला इतका कडक नियम नको होता. आजपासून तिला मम्मी म्हणू द्या."

शालूने विचार केला. "तुमी सांगून पाहा, ताई. पण थे ऐकन असं मले वाटत नाई."

नीलमताईंनी सांगून पाहिलं. आकांक्षाने ऐकून घेतलं, आणि पाच मिनिटांनी, "मावशी, माही पेन्सिल तुटली," म्हणून आली. शालूने पेन्सिलला टोक काढून दिलं. या वेळी तिला वाईट वाटलं नाही. तीन तास स्वतःच्या हिमतीवर काढणारी ही पोरगी आपल्याच पोटची आहे, याचं तिला नवल वाटत होतं. आणि आपणही तीन तास असेच काढतो आहोत, हे लक्षात आल्यावर तर जास्तच.

मार्चअखेर गोदाबाई परतल्या. प्लास्टर निघालं होतं, मनगट अजून पुरतं वळत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी सगळं फिरून पाहिलं. फळीवर मुलांचे जादा कपडे पिशव्यांत होते, प्रत्येक पिशवीवर नाव.

"माह्यापेक्षा बरं ठेवलं वो तू," त्या म्हणाल्या. "आता जाय, घर पाय आपलं. लय केलं."

शालू घरी राहिली. सकाळी साडेदहा वाजले की तिला उगीचच घाई झाल्यासारखं वाटायचं.

एप्रिलमध्ये सुट्या लागण्याच्या आदल्या दिवशी वर्गाचा फोटो होता. आया फाटकापाशी उभ्या होत्या, शालूही त्यांच्यात. किशोर फोटोवाल्याने मोठी मुलं मागे टेबलावर उभी केली, लहानांना पुढे सतरंजीवर बसवलं आणि मधल्या बाकावर नीलमताई आणि गोदाबाई. तो कॅमेऱ्यातून बघणार तोच पुनी सतरंजीवरून उठली, अंगण ओलांडून आली आणि शालूची ओढणी धरून तिला ओढायला लागली.

"ताई, त्या मुलीला बसवा ना जागेवर," किशोर वैतागला.

"पुनी, मावशीलेच घेऊन ये इकडं," गोदाबाई बाकावर सरकत म्हणाल्या. "बस वो इथं. जागा हाय."

शालूला संकोच वाटला. फाटकातल्या आया बघत होत्या. ती गेली आणि बाकाच्या कडेला बसली. पुनी तिच्या मांडीवर चढली आणि पाय हलवायला लागली.

मागे टेबलावरून आकांक्षाचा आवाज येत होता. "नितेश, हालू नको. सरळ पाय. तुही कॉलर वाकडी हाय." कोणाची तरी कॉलर ती नीट करत असावी. शालूला मागे वळून बघावंसं वाटलं.

"सगळे इकडे बघा," किशोर म्हणाला.

शालूने पुनीचा फ्रॉक गुडघ्यांवर नीट ओढला, पाठ ताठ केली आणि समोर पाहिलं.