दोन्ही पाय सारखे

लवंगीचा डावा गुडघा महिनाभर ठणकत होता आणि हे फक्त तिच्या आत्याला ठाऊक होतं. बुटकी, तिखट, चेंडूमागे सुटली की कोणाच्या बापाला न जुमानणारी, म्हणून मैदानावर हे नाव पडलेलं. कॉलेजच्या फुटबॉल संघातली जागा गेली असती तर तिच्याकडे दुसरं काय उरलं असतं? अभ्यासाच्या नावानं तर आनंदच होता.

आत्याही याच संघातून खेळलेली. तिच्या काळी सर सगळ्यांना रांगेत उभं करून विचारायचे, "कोणाला काही दुखतंय का?" हात वर केला की बाकावर. मग काय, सगळ्या कशा ठणठणीत! पुढे छापील फॉर्म आले. त्यावरही पोरी 'काही नाही' लिहून मोकळ्या व्हायच्या. आता विचारणंच संपलं होतं. बुटात चकत्या बसवलेल्या, कुठल्या पायावर किती भार पडतो ते थेट पडद्यावर.

"यंत्र बघून बघून काय बघणार? एक पाय चोरतेस का, एवढंच ना?" आत्या म्हणाली. "मग दोन्ही चोर. आम्ही सरांसमोर तेच करायचो." एवढं सांगून आत्या काठी टेकत चहा ठेवायला गेली. त्या काठीकडे लवंगीनं तेव्हाच नीट बघायला हवं होतं.

युक्ती लागू पडली. पडद्यावर रोज हिरवा दिवा.

अंतिम सामन्याच्या सकाळी वळताना गुडघ्यात कट्कन काहीतरी सरकलं. लवंगी घाबरली, अगदी मनापासून घाबरली, आणि तडक फिजिओ मॅडमच्या खोलीत गेली.

"मॅडम, माझा गुडघा गेलाय."

मॅडमनी तो घाईघाईत दाबला, वाकवला. पण दुखणं गिळायची इतकी सवय झालेली की तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. मॅडमनी पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघ, महिनाभर दोन्ही पाय सारखे. संघात इतकी सरळ चाल कोणाची नाही. सामन्याआधी असं वाटतंच गं."

"मी मुद्दाम दोन्ही पायांनी लंगडत होते."

मॅडम खळखळून हसल्या. "असं कोणी करतं का, वेडे?"

लवंगीला रडू फुटलं, पण बाहेर शिट्टी वाजली होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ती रांगेत जाऊन उभी राहिली. सर नावं वाचत होते. काय दुखतंय, हे कोणी विचारत नव्हतं. तरी तिनं हात वर केला, अगदी ताठ.

सरांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बघा, शिका हिच्याकडून! केवढी घाई झालीय पोरीला मैदानात उतरायची!"