गुंडाळलेले शेंडे

एकाच मिश्रणाने, एकाच दिवशी भरलेल्या चाळीस कुंड्यांत टोमॅटो आणि घेवड्याचे शेंडे आत गुंडाळले गेले. मका मात्र सरळ आणि हिरवागार उभा होता.

कुंड्या वहिनीच्या रोपवाटिकेतल्या. नारळाचा भुसा, भाताचे जाळलेले तूस आणि शेणखत असे मिश्रण मावशी भरत असे. ती नात्याची नव्हती. अकरा वर्षे तिथे कामाला होती आणि तंबाखू मळत असे. माझा जन्म प्रयोगशाळेत गेलेला, म्हणून वहिनीने मला बोलावले.

"भावोजी, पाणी तेच, मिश्रण तेच. मग हे काय?"

टोमॅटोचे एक पान उलटून मी म्हणालो, "तंबाखूतला विषाणू. मळणाऱ्या हातांतून रोपात शिरतो. नुसते हात धुऊन भागत नाही."

मावशी शेजारीच होती. "म्हणजे माझ्या हाताला विष?"

"विष तुमचं नाही, तंबाखूचं."

"हात तर माझेच आहेत ना, साहेब."

दुसऱ्या दिवसापासून वहिनीने तिला कामावर घेतले नाही.

तो विषाणू घेवड्याला असा वाकवत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होते. मी टोमॅटोपाशीच थांबलो होतो. तीन आठवड्यांनी ही गोष्ट स्वस्थ बसू देईना, तेव्हा मिश्रणातला एकेक घटक वेगवेगळ्या डब्यांत जुन्या, चांगल्या मातीत कालवून त्यांत घेवडा पेरला. तंबाखूला न शिवलेल्या माझ्याच हातांनी. भुसा आणि तूस घातलेल्या डब्यांत रोपे सरळ आली. शेणखताच्या डब्यात शेंडे गुंडाळले.

ते शेणखत देणाऱ्या गोठेवाल्याला मी विचारले. तो म्हणाला, "पेंढा यंदा नव्या शेतातला. गव्हात तणाचं औषध मारलं होतं. गाई ठणठणीत आहेत, तुमच्यापेक्षा."

मी त्याला मावशीची हकिकत सांगितली.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," तो म्हणाला. "आणि न्यायाधीश तुम्ही."

तिथून मी मावशीच्या घरी गेलो. तिने दार कोपराने उघडले. दोन्ही पंजे फडक्यात गुंडाळलेले होते. सोडा, राख, कढत पाणी. महिनाभर, दिवसातून चार वेळा ती हात घासत होती.

"तंबाखू सोडली," ती म्हणाली. "तरी दोन रोपवाटिकांनी दारातूनच परत पाठवलं. तुमच्या वहिनींनी आधीच कळवलं होतं."

"दोष तुमच्या हातांचा नव्हता. मी चुकलो."

"तोंडी नको. तोंडीच तर सगळं झालं. लिहून द्या."

कागद तिला धरता येणार नव्हता, म्हणून तो मी तिच्या पिशवीत ठेवला. त्यावर लिहिले होते:

"रोपे वाकण्याचे कारण पेंढ्यावरचे तणनाशक. ते गाईच्या पोटातून शेणात आणि शेणखतातून कुंडीत उतरले. ते रुंद पानांच्या रोपांना मारते, गवताच्या जातीला नाही. म्हणून मका वाचला. मावशींच्या हातांत काहीही नव्हते. आधीचे निदान मी चाचणी न करता केले होते."