सुरीची दुसरी बाजू

माझ्या हातून पाव वाकडाच कापला जातो, यावर आमच्या घरात दुमत नव्हतं. काप वर जाड, खाली कागदासारखा. "डावरी आहे ना!" म्हणत नणंद सुरी काढून घ्यायची आणि मला बशा पुसायला लावायची. नवरा तर 'नाचता येईना अंगण वाकडं' हे दर रविवारी नव्यानं सुचल्यासारखं म्हणायचा. सात वर्षं मी हसण्यावारी नेलं, पण फार लागायचं.

सुरीला धार लावायचं काम सासऱ्यांचं. त्यांनी जन्मभर सुतारकाम केलेलं. त्यांच्या धारेच्या दगडाला कुणी बोट लावायची सोय नव्हती. त्या रविवारी नणंद यायच्या आधी ते जरा आडवे झाले होते. मी सहज सुरी उजेडात धरली. एक बाजू तासलेली, दुसरी साफ सपाट! लाकूड तासायच्या पटाशीला लावतात तशी एकाच बाजूनं धार. उजव्या हातांना त्याची सवय झाली होती, माझ्या डाव्या हातात पातं तिरकं पळायचं.

माझं डोकंच फिरलं. दगड काढला, पाणी शिंपडलं आणि सपाट बाजू घासायला बसले.

"काय चाललंय?" सासरे दारात उभे!

मी दगड सोडला नाही. "बाबा, ही सुरी आहे. पटाशी नाही."

त्यांनी एक डोळा मिटून पातं न्याहाळलं. बराच वेळ. मग माझ्याशेजारी मांडी घातली. "फार उभी धरलीस. जरा आडवी कर. हं, आता ओढ."

संध्याकाळी नणंदेनं सवयीनं हात पुढे केला. "तू बस गं," सासरे म्हणाले आणि पाव माझ्यापुढे सरकवला. पहिला काप पडला. सरळ! दुसराही तसाच.

"चूक माझी होती," सासरे सगळ्यांदेखत म्हणाले, "आणि सात वर्षं बोलणी हिनं खाल्ली."

मला रडू आणि हसू एकदमच आलं. नवऱ्याला राहवेना. त्यानं सुरी घेऊन जुन्या सवयीनं चालवली, आणि त्याचा काप निघाला चपलेच्या टाचेसारखा! नणंद हसता हसता खुर्चीवरून घसरली. मी सुरी परत घेतली आणि कापतच सुटले. कुणी मागत नव्हतं, तरीही.

पाव संपला तसे सासरे उठून चपला शोधू लागले.

"आता कुठे निघालात?" नवऱ्यानं विचारलं.

"आणखी एक पाव आणतो. हिचं अजून पोट भरलेलं नाही."